आंटींचा भाऊ हरावा म्हणून

आमच्या घरात फुटबॉल कुणालाच कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. नवरा पुण्याचा, म्हणजे क्रिकेटवाला, आणि वर स्वतःला जाणकार समजणारा. मी नागपूरची. मला ओरडायला मिळालं की कुठलाही खेळ चालतो. पण मागच्या हिवाळ्यात, इथे कॅनडात, मिल्टनला, आमच्या बेसमेंटमध्ये कॅरिबियन बेटांवरच्या क्लबांच्या फुटबॉल स्पर्धेची फायनल बघताना मी इतकी ओरडले की पुढचे दोन दिवस ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझा आवाज घोगरा येत होता. मॅनेजर म्हणाला, सर्दी झाली का? मी म्हटलं, हो. आता त्याला कुठे सगळं रामायण सांगत बसू?

रामायण शेजारच्या आंटींचं. आमची आणि त्यांची भिंत एक आणि ड्राइव्हवेही एकच, मधे नुसती एक रेघ. आम्ही राहायला आलो त्या पहिल्याच बर्फात मी उत्साहाने शोव्हल केलं आणि सगळा बर्फ रेघेपलीकडे नेऊन टाकला. या बाई रोब घालून बाहेर आल्या आणि त्यांनी मला अशी झापली म्हणता! मीही काही ऐकून घेणाऱ्यातली नाही. दहा मिनिटं आमचं कडाक्याचं जुंपलं, मग दोघींना थंडी वाजायला लागली, आणि त्यांनी मला आत बोलावून आल्याचा चहा दिला. तेव्हापासून त्या माझ्या आंटी. त्यांच्या बेटावरही मोठ्या बाईला आंटीच म्हणतात. बेटाचं नाव नाही सांगत, ते इतकं छोटं आहे की नाव सांगितलं तर लोकांना माणूसही कळेल. आमचं सगळं बोलणं इंग्रजीत, पण इथे ते मी माझ्या मराठीतच सांगणार.

आंटी सदुसष्टच्या. वीस-बावीस वर्षं त्यांनी इथल्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घातल्या, भरवलं, फिरवलं. आता स्वतःच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, त्यातला शनिवारचा फेरा माझ्याकडे. हृदयही थकलेलं, त्यामुळे डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ नाही म्हटलंय. म्हणजे बेटावर जाणं संपलं. आणि बेटावर त्यांचा एकच जण आहे, धाकटा भाऊ. तीस वर्षांनी धाकटा! तो सहा वर्षांचा असताना आई गेली, मग आंटींनीच त्याला वाढवला. तो चौदाचा झाल्यावर त्या पोटापाण्यासाठी इकडे आल्या. आता तो सदतीसचा, तिथल्या एका क्लबचा गोलकीपर. नऊ वर्षं झाली, बहीण-भावाची भेट नाही. त्याने दोनदा व्हिजिटर व्हिसासाठी अप्लाय केलं, दोनदा नकार. लग्न नाही, जमीन नाही, तुम्ही परत जाल याची आम्हाला खात्री वाटत नाही. ते पत्र मला तोंडपाठ आहे, कारण माझ्या आईलाही पहिल्या वेळी तसंच आलं होतं. त्या दिवशी मी रागाने लॅपटॉपवर पोळपाट आपटणार होते. नवऱ्याने लॅपटॉप वाचवला.

तर या भावाचा क्लब त्या वर्षी, कधी नव्हे तो, बेटांच्या स्पर्धेत फायनलला पोचला. हे क्लब म्हणजे काय, तर दिवसा बंदरावर, शाळेत, बँकेत काम करणारी माणसं आणि संध्याकाळी प्रॅक्टिस. आंटी एका शनिवारी गाडीत म्हणाल्या, "फायनलचे दोन्ही क्लब पुढच्या मोठ्या स्पर्धेत जातात. तिथे मेक्सिकोचे क्लब असतात, अमेरिकेचे असतात, तुमच्या कॅनडाचेही असतात." आणि मग हळूच म्हणाल्या, "क्लबबरोबर आला तर व्हिसाला कोण नाही म्हणेल?"

मला एवढं पुरे होतं. घरी आले, हातपाय धुतले आणि देव पाण्यात घातले.

नाही, म्हणजे खरंच घातले. लोक नुसतं म्हणतात, देव पाण्यात घालून बसलोय. आमच्याकडे माझ्या आजीपासून खरोखर घालतात. बारावीचा निकाल, बाळंतपण, बदली, काही अडलं की देव्हाऱ्यातला पितळी गणपती तांब्याच्या भांड्यात, वरून पाणी, आणि काम होईपर्यंत बाहेर काढायचा नाही. बसू दे त्यालाही जरा अडचणीत, मग लक्ष देतो. इथे तांब्याचं भांडं नव्हतं, म्हणून मी लेकीच्या बारशाला आलेला काचेचा मोठा बाऊल घेतला. हात जोडून म्हटलं, बाप्पा, आंटींचा भाऊ जिंकू दे.

पाणी घालताना नवरा मागून म्हणाला, "दोन्ही क्लब पुढे जाणार आहेत ना? मग जिंकलाच पाहिजे असं काय आहे?"

"शुभ बोल नाऱ्या!" मी म्हटलं. जिंकायचं नाही तर काय हरायचं? माणूस देवाकडे जिंकणंच मागतो.

फायनल दोन मॅचची होती, एक समोरच्या क्लबच्या बेटावर, एक आंटींच्या. दोन्हींचे गोल मिळवून ज्याचे जास्त, तो जिंकला. पहिली मॅच आंटींचा क्लब एक-शून्यने हरला. मी बाप्पाकडे जरा रागानेच बघितलं. म्हटलं, पाण्यात बसून झोप लागली का? पण दुसरी मॅच घरच्या मैदानावर होती, पुढच्या रविवारी. आशा होती.

बुधवारी नवरा लॅपटॉप घेऊन किचनमध्ये आला. त्याचा चेहरा तोच, जो माझ्या चुका सापडल्या की होतो. मोठ्या स्पर्धेचा तक्ता लागला होता, कोण कुणाशी खेळणार त्याचा. त्याने बोट ठेवून दाखवलं. फायनल जो जिंकेल, तो पहिली फेरी न खेळता पुढे जाणार आणि मेक्सिकोच्या क्लबशी भिडणार. जो हरेल, त्याला पहिल्या फेरीपासून खेळावं लागणार, आणि त्याची गाठ कॅनडाच्या क्लबशी. मॅच फेब्रुवारीत. मैदान आमच्या घरापासून गाडीने पाऊण तासावर.

मी तक्ता तीनदा वाचला. "म्हणजे जिंकला तर मेक्सिको..."

"आणि हरला तर मिल्टन," नवरा म्हणाला. "मी म्हणत होतो."

त्याच्या या तीन शब्दांसाठी मी त्याला अजून माफ केलेलं नाही. पण खरी पंचाईत दुसरीच होती. बाप्पाला मी भलतंच मागून बसले होते! करायला गेले एक आणि झालं भलतंच. आणि तो बसलाय आज्ञाधारकपणे पाण्यात, आंटींच्या भावाला मेक्सिकोला पाठवायच्या तयारीत.

आईला नागपूरला फोन लावला. विचारलं, देव पाण्यातून मधेच काढले तर चालतात का? आई म्हणाली, "अवं, असं मधातच काढत नाही देव. काहून, काय झालं?" मी सगळं सांगितलं. फुटबॉल, मेक्सिको, व्हिसा. आई म्हणाली, "काढू नको. फक्त सांगून दे त्याला, का बा, जरा बदल आहे. तो काही सरकारी ऑफिसात नाही बसला, फॉर्म परत भरायला."

मग मी पुन्हा हात जोडले आणि म्हटलं, बाप्पा, जरा बदल आहे. आंटींचा भाऊ हरू दे. म्हणताना जीभ अडखळली, खोटं कशाला बोलू. कुणी हरावं म्हणून मी आयुष्यात देवाला कधी काही मागितलं नव्हतं. ऑफिसातल्या त्या एका बाईचं प्रमोशन सोडून.

शनिवारी आंटींना आणायला गेले. डायलिसिसहून निघाल्यावर त्या नेहमी थकलेल्या असतात. एका सिग्नलला म्हणाल्या, "तक्ता पाहिलास?"

"पाहिला."

"मीही पाहिला. त्यानेही पाहिला असेल." आणि काच खाली करून त्यांनी डिसेंबरची थंडी तोंडावर घेतली. मी हीटर वाढवला.

घरी पोचल्यावर त्या माझ्याकडेच आल्या. मी त्यांच्यासाठी खिचडी केली होती, साबुदाण्याची. त्यांना बटाटा चालत नाही, दाणे चालत नाहीत, मीठ बेताचं. बिनबटाट्याची, बिनदाण्याची साबुदाणा खिचडी म्हणजे नुसतं नाव मोठं. पण त्या बिचाऱ्या खातात. खाता खाता त्यांची नजर देव्हाऱ्याकडे गेली.

"तुझ्या गणपतीला आंघोळ घालतेस का? तीन आठवडे झाले, मी बघतेय, तो पाण्यातच आहे."

मला खोटं बोलता येत नाही, म्हणजे बोलता येतं पण कान लाल होतात. मी सगळं सांगून टाकलं. आधी काय मागितलं, मग काय बदललं. मला वाटलं, त्या हसतील. बहुतेक डोळ्यांत पाणीही येईल, मला जवळ घेतील. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा.

आंटींनी चमचा खाली ठेवला. "तो हरावा म्हणून?"

"तुमच्यासाठी, आंटी. तो तुम्हाला भेटावा म्हणून."

"माझ्यासाठी!" त्यांचा आवाज चढला, बर्फाच्या दिवशी चढला होता तसा. "अगं, मी त्याच्या शाळेच्या मैदानावर कुंपणाला टेकून उभी राहायचे. पाच-शून्यने मार खाल्ला तरी घरी नेताना म्हणायचे, सहावा का नाही गेला सांग, कारण तू होतास. वीस वर्षं तो त्या क्लबसाठी उभा आहे. एकही कप नाही. पुढच्या वर्षी त्याला कोण उभं करणार आहे, अडतीसाव्या वर्षी? आणि मी इथे बसून तो हरावा म्हणू? माझ्या किचनमध्ये चहा प्यायला यावा म्हणून?"

मी म्हटलं, "तुम्हाला नको का तो यायला?"

हे विचारायला नको होतं. त्या म्हणाल्या, "मला तो इतका हवाय की बुधवारपासून मी स्वतःच्या मनाला घाबरतेय. म्हणून तर तुझ्यावर ओरडले." आणि देव्हाऱ्याकडे बोट केलं. "काढ त्याला बाहेर. त्याचं तो बघून घेईल आणि माझा भाऊ त्याचं बघून घेईल."

मी बाप्पाला बाहेर काढला, पुसला, जागेवर ठेवला. आईला अजून हे सांगितलेलं नाही. आंटी खिचडी संपवून गेल्या, पण जाताना दार जरा जोरातच लावलं. मला रात्रभर वाईट वाटलं. कानाला खडा लावला, दुसऱ्याच्या माणसाबद्दल देवाशी परस्पर बोलायचं नाही.

रविवारी चार वाजता मॅच. आंटी येतील की नाही याची मला धाकधूक होती. पावणेचारला बेल वाजली. त्या क्लबच्या हिरव्या रंगाचा स्कार्फ घालून दारात उभ्या. "बघतेस काय? तुमचा टीव्ही मोठा आहे," म्हणाल्या. मी त्यांना हात धरून बेसमेंटमध्ये उतरवलं.

पडद्यावर छोटंसं स्टेडियम, मागे नारळाची झाडं, ऊन रखरखीत. इथे खिडकीतून बर्फाचा ढीग दिसत होता. आणि गोलमध्ये तो, उंच, दाढीत दोन-चार पांढरे केस, गोलकीपरची वेगळी लाल जर्सी. आंटी म्हणाल्या, "बारीक झालाय." पहिल्या अर्ध्या तासात त्यांनी एवढंच म्हटलं.

काहीच होत नव्हतं. नवरा आम्हाला ऑफसाइड समजावून सांगत होता, जे त्याने आदल्या दिवशीच वाचलं होतं. दुसऱ्या हाफमध्ये तो वॉशरूमला गेला आणि नेमका तेव्हाच आपल्या क्लबचा गोल झाला! मी किंचाळले. तो पँट सावरत धावत आला तर आंटींनी हात वर करून त्याला थांबवलं. "परत जा. तू तिथे असताना गोल झाला." हे मात्र आमच्या दोन्ही देशांत सारखंच निघालं. बिचारा शेवटपर्यंत वॉशरूमच्या दारात उभा राहून बातम्या विचारत होता. "काय झालं? अगं, कोण ओरडलं? सांगा ना!"

दोन मॅच मिळून एक-एक. बरोबरी. जादा वेळ झाला, तरी बरोबरी. आणि मग पेनल्टी. पाच-पाच जण एकेक करून मारणार, समोर फक्त गोलकीपर. म्हणजे आता सगळं त्याच्यावरच आलं. हे देवाने मुद्दाम केलं असं माझं मत आहे. त्याला मी दोनदा ऑर्डर दिली, दोन्ही वेळा वेगळी, मग त्याने चिडून फाइलच त्या पोराच्या हातात दिली.

चार-चार झाले. आपल्या पाचव्याने मारला तो गोल झाला. पाच-चार. आता त्यांचा पाचवा. हा अडला तर कप. हा गेला तर खेळ पुढे चालू, आणि मग काहीही होऊ शकतं. हार, फेब्रुवारी, पाऊण तासावरचं मैदान. हे मला माहीत होतं, आंटींना माहीत होतं, वॉशरूमच्या दारातल्यालाही माहीत होतं.

आंटी सोफ्यावरून उठल्या. ज्यांना जिना उतरायला माझा हात लागतो, त्या उठून थेट टीव्हीपाशी गेल्या आणि पडद्यावर हात आपटून ओरडल्या, "डावीकडे! अरे, डावीकडे बघतोय तो मेला! डावीकडे!" आणि मी? बुधवारी बाप्पाला बदल सांगणारी मी? माझ्या तोंडातून शुद्ध मराठीत निघालं, "अडव रे माझ्या राजा, अडव!"

त्याने डावीकडे झेप घेतली. बॉल हाताला लागून बाहेर गेला.

पुढचं मला नीट आठवत नाही. आंटी स्कार्फ फिरवत नाचत होत्या, मी त्यांना धरून नाचत होते, एकीकडे त्यांचं हृदय आठवून "बसा, बसा" असंही ओरडत होते. नवरा धावत आला, सेंटर टेबलला गुडघा आपटला आणि तसाच लंगडत नाचला. पडद्यावर हिरव्या कपड्यांतली माणसं एकावर एक पडली होती, आणि सगळ्यांच्या खाली कुठे तरी तो होता. मला इतका आनंद झाला होता की मी हुंदके देऊन रडत होते. मग एकदम लक्षात आलं, अरे, तो आता येणार नाही.

आंटींच्याही ते लक्षात आलं असणार. त्या सोफ्यावर बसल्या, धापा टाकत, अजून हसत होत्या. मी त्यांना मोजून दोन घोट पाणी दिलं. त्यांना तेवढंच चालतं.

अर्ध्या तासाने फोन वाजला. व्हिडिओ. आंटी नाचून पार थकल्या होत्या म्हणून फोन मी धरला. तो ड्रेसिंग रूममध्ये होता, मागे गाणी, आरडाओरडा, गळ्यात मेडल, डोळे सुजलेले. आधी दोघं नुसतेच हसत राहिले. मग आंटी माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "ही बघ. तू हरावास म्हणून हिने देव पाण्यात बुडवला होता." मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. तो पोटभर हसला. म्हणाला, "तुमच्या देवाला सॉरी सांगा."

मग तो गंभीर झाला. म्हणाला, "ताई, मीही पाहिला होता तक्ता." त्याने दुसरा शब्द वापरला, पण त्याचा अर्थ ताईच. "तो शेवटचा मारायला आला ना, तो डावीकडेच मारणार हे मला कळलं होतं. आणि एक क्षण तुझं किचन दिसलं. मी उजवीकडे उडी मारली असती तर कुणालाही कळलं नसतं."

"मग?" आंटी म्हणाल्या.

"मग काय. मारली डावीकडे."

"शहाणा आहेस," आंटी म्हणाल्या. "उजवीकडे मारली असतीस ना, तर फेब्रुवारीत मी तुला दार उघडलं नसतं."

"माहीत आहे," तो म्हणाला. "म्हणून तर."

आणि मग आंटी रडायला लागल्या. ओठ घट्ट दाबून, आवाज न करता. तिकडे तोही रडायला लागला, मेडल तोंडाशी धरून. मागे त्याचे मित्र त्याला हाका मारत होते, कपाबरोबर फोटो काढायला. तो जात नव्हता. मी दोघांना एकमेकांचा चेहरा पूर्ण दिसेल असा फोन धरून उभी होते, आणि हात पार भरून आला तरी मी तो हलवला नाही.